मेंदूच्या दारात देवाजीभाऊ

आमच्या कॉलेजात सिलॅबस दर वर्षी धापा टाकत संपतो, किस्से मात्र संपत नाहीत. ते कोणी लिहून ठेवत नाही, कोणी मुद्दाम सांगायला बसत नाही, तरी साचत जातात. दुपारी स्टाफरूममध्ये डबे उघडले की कोणीतरी म्हणतं, "ते मानेचं आठवते का?" की झालं. पुढचं लेक्चर दहा मिनिटं उशिरा सुरू होणार हे नक्की.

मी गोंडपिपरीच्या रस्त्यावरच्या एका लहानशा फार्मसी कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते. डी. फार्म.चं पहिलं वर्ष. हृदय शिकवते, फुप्फुस शिकवते, किडनी तर इतकी रंगवून शिकवते की पोरं पाणी प्यायला उठतात. पण त्यांच्यावर आमच्याकडे एक धड किस्सा नाही. सगळे किस्से एकाच टॉपिकचे, ब्लड-ब्रेन बॅरियरचे. म्हणजे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांची ती भिंत, जी रक्तातलं काय मेंदूत जाऊ द्यायचं आणि काय बाहेरच ठेवायचं ते ठरवते. पुस्तकात ती जेमतेम दोन पानं आहे. आमच्याकडे तिच्यावर रामायण झालंय.

त्याला कारण आमचे बाहेरचे परीक्षक. प्रॅक्टिकलला नागपूरहून एक सर येतात. याच भिंतीवर त्यांनी उभं आयुष्य घालवलंय, त्यामुळे व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, हाडांवर सुरू होवो की लघवीच्या तपासणीवर, तिसऱ्या प्रश्नाला गाडी बॅरियरवर येऊन थांबते. आमच्या पोरांना हे पाठ आहे. उत्तर पाठ नाही, एवढीच अडचण.

* * *

मानेचा किस्सा आधी सांगून टाकते, नाहीतर तो मध्येच कुठेतरी घुसेल.

एक उंचापुरा पोरगा होता. अभ्यास शून्य, पण आत्मविश्वास असा की त्याच्याकडे बघून मलाच वाटायचं, याला येत असेल. सरांनी त्याला अगदी सोपं करून विचारलं, "रक्त आणि मेंदू, या दोघांच्या मध्ये काय असतं?"

पोरानं डोळे मिटले, विचार केला आणि म्हणाला, "मान, सर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरं. आणि तिचं काम काय?"

"रक्त वर नेणे अन् डोकं खाली पडू न देणे."

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, हे तुम्ही शिकवलं?"

मी म्हटलं, "नाही सर. हे त्याचं स्वतःचं आहे."

* * *

आता देवाजीभाऊंकडे येते, कारण या सगळ्या रामायणातले खरे नायक ते.

देवाजीभाऊ आमचे विद्यार्थी. वय बेचाळीस. ॲडमिशनच्या दिवशी वॉचमननं त्यांना पालकांच्या रांगेत उभं केलं. दीड तास ते मुकाट उभे राहिले, नंबर आला तेव्हा क्लार्कनं विचारलं, "पोरगा कुठी आहे?" हे म्हणाले, "मीच आहे." फॉर्मवर पालकांची सही लागते म्हणून दुसऱ्या दिवशी ते आपल्या सत्तरीतल्या वडिलांना एसटीत बसवून घेऊन आले. म्हाताऱ्यानं सही केली आणि प्रिन्सिपल मॅडमना हात जोडून सांगितलं, "पोराकडे लक्ष ठेवजा बाई, त्याले संगत लवकर लागते."

देवाजीभाऊ वीस वर्षं गोंडपिपरीच्या एका मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरला आहेत. मालकाशेजारी उभं राहून अख्ख्या दुकानाचं औषध त्यांच्या डोक्यात गेलंय. डॉक्टरांचं अक्षर वाचतात, गोळीची पट्टी नुसती चाचपून नाव सांगतात. पण त्यांचं गाव पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून. तिथे लेकराला ताप आला तर साध्या गोळीसाठी एसटीची वाट बघावी लागते. भाऊंना गावात स्वतःचं मेडिकल टाकायचंय. त्याला रजिस्टर्ड फार्मासिस्ट पाहिजे, आणि रजिस्टर्ड व्हायला डी. फार्म. पाहिजे. म्हणून या वयात बेंचवर.

बाकी सगळे विषय सुटले. माझा अडकला, आणि माझ्यातही फक्त व्हायव्हा. दोनदा नापास. दोन्ही वेळा एकच झालं. सरांनी बॅरियर विचारला आणि भाऊंचं तोंड बंद. बाहेर आल्यावर मला घडाघडा सगळं सांगितलं.

मी चिडले. "भाऊ, हे आत काऊन नाही बोलले?"

"मॅडम, पुस्तक उघडलं का येते, तुमच्यासमोर येते, बायकोसमोरही येते. सर दिसले का सगळं खाली बसते."

आता तिसरी वेळ होती आणि तीच शेवटची. कोर्स पूर्ण करायला जेवढी वर्षं मिळतात ती संपत आली होती. या खेपेला राहिले असते तर नाव कटलं असतं, आणि गावातलं दुकान हवेतच राहिलं असतं. त्यामुळे त्या वर्षी अख्खं कॉलेज देवाजीभाऊंच्या मागे लागलं.

* * *

सुरुवात मी केली. माझा स्वभाव असा की एकदा डोक्यात काही आलं की ते झाल्याशिवाय मला जेवण जात नाही. म्हटलं, पुस्तक पुरे, आपण बॅरियर उभाच करू.

सकाळी उन्हं चढायच्या आत सगळ्या वर्गाला मागच्या पटांगणात नेलं. आठ पोरींना कोपरात कोपर अडकवून एका रांगेत उभं केलं. या एंडोथेलियल पेशी, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या. बाकी शरीरात या पेशींच्या मध्ये फटी असतात, मेंदूत नसतात, इथले जोड घट्ट असतात, म्हणून कोपरं सोडायची नाहीत, असं बजावलं. दोन दणकट पोरी मागून त्यांचे खांदे धरून उभ्या केल्या, त्या पेरिसाइट. आणि चार जणींना मागे जमिनीवर पाय लांब करून बसवलं, त्या ॲस्ट्रोसाइट. या पेशी आपले पाय रक्तवाहिनीला टेकवून बसलेल्या असतात आणि भिंत पक्की राहील असं बघतात. रांगेच्या पलीकडे खुर्ची ठेवली आणि खुर्चीत स्वरूपाला बसवलं. स्वरूपा तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याची, वर्गात सगळ्यांत हुशार, म्हणून ती मेंदू.

म्हटलं, "ॲस्ट्रोसाइट, पाय टेकवा."

चौघींनी समोरच्या पोरींच्या टाचांना पाय लावले. लावले आणि लगेच खाली वाकून त्यांना हात लावून नमस्कार केला. आपल्याकडे चुकून पाय लागला की करतात तसा. पुढच्या पोरी मागे वळून म्हणायला लागल्या, "राहू दे वं, राहू दे." वळल्या तशी कोपरं सुटली. भिंत गेली.

पुन्हा उभ्या केल्या, पुन्हा पाय, पुन्हा नमस्कार. मी ओरडले, "नमस्कार करायचा नाही." तेव्हा एक ॲस्ट्रोसाइट रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, ती माह्यापेक्षा मोठी आहे. तिले पाय लावून तशीच कशी बसू?"

शेवटी सगळ्यांनी एकमेकींना आधीच माफ करून टाकलं आणि भिंत उभी राहिली.

मग देवाजीभाऊंच्या शर्टावर मी चिठ्ठी लावली, 'पेनिसिलिन'. धडधाकट मेंदूत पेनिसिलिन फारसं शिरू शकत नाही. तर यांनी भिंतीवर धडकायचं आणि पोरींनी अडवायचं. भाऊ चालत आले. पोरींनी अदबीनं बाजूला होऊन वाट दिली.

"काऊन सोडलं?" मी विचारलं.

"मॅडम, भाऊ आहेत. त्यायले कोपर कसं मारायचं?"

म्हटलं ठीक आहे, भाऊ, तुम्ही पळत या, म्हणजे त्यांना अडवावंच लागेल. भाऊ पळत आले, रांगेपासून हातभर अंतरावर थांबले, म्हणाले, "कोणाले लागंल, पोरीहो," आणि रांगेच्या टोकावरून वळसा घालून पलीकडे गेले.

"भाऊ, भिंतीला कडेनं वाट नसते."

"मले दिसली ना, मॅडम."

तोवर स्वरूपा खुर्चीतून उठली होती. भाऊ दोनदा चालले-पळाले, दमले असतील म्हणून तिनं खुर्ची पुढे केली आणि तेलुगूत म्हणाली, "कूर्चोंडी अन्ना." म्हणजे बसा दादा. भाऊ बसले.

पटांगणात पेनिसिलिन खुर्चीवर घाम पुसत होतं आणि मेंदू बाजूला उभा राहून त्याला वहीनं वारा घालत होता.

* * *

त्याच महिन्यात मी चाचणी घेतली. प्रश्न होता, ॲस्ट्रोसाइट या पेशींची दोन कार्ये लिहा.

अकरा पेपरांत उत्तर सारखंच होतं. 'एक, रक्तवाहिनीला पाय लावणे. दोन, नमस्कार करणे.'

पहिल्या कार्याचा अर्धा मार्क मी दिला. द्यावाच लागला.

* * *

माझी भिंत अशी पडल्यावर शकीलभाऊंनी मनावर घेतलं. शकीलभाऊ आमचे लॅब अटेंडंट. घरचा धंदा रजया-गाद्यांचा, भाऊ-पुतणे अजून तोच करतात. त्यांचं म्हणणं होतं, "मॅडम, पोरी म्हटल्या का हालनारच. मी शिवून देतो. एकदम मजबूत."

आठ दिवसांत त्यांनी मॉडेल आणलं. लाल रेक्झिनची हातभर लांब नळी, दुहेरी शिलाई. वरून गादीची मोठी बटणं टाचलेली, ते पेरिसाइट. आणि चारी बाजूंनी कापूस भरलेले मोजे, पावलं नळीला शिवलेली, ते ॲस्ट्रोसाइट. मोजे स्टाफकडून एकेक मागून आणले होते, त्यामुळे ॲस्ट्रोसाइट सात रंगांचे होते. एक तर प्रिन्सिपल मॅडमच्या मिस्टरांचा होता आणि त्यावर रेघा होत्या. पण काम असं सुंदर की माझ्या फळ्यावरच्या डायग्रामची मलाच लाज वाटली.

नेमकं त्याच आठवड्यात इन्स्पेक्शन आलं. समितीतले एक गृहस्थ मॉडेलपाशी थांबले. "हे काय?"

प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "ब्लड-ब्रेन बॅरियर."

"आणि हे मोजे?"

"ॲस्ट्रोसाइटचे पाय."

गृहस्थांनी मान हलवली. तिथेच थांबायला हवं होतं. पण प्रिन्सिपल मॅडमना चेव चढला. "बघा सर, आतलं बाहेर येत नाही," असं म्हणून त्यांनी बीकरभर लाल पाणी नळीत ओतलं. शिलाईच्या प्रत्येक भोकातून थेंब आला. टेबल लाल, समितीची फाइल लाल, गृहस्थांची बाही लाल.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सर, मेंदूज्वरात असंच होतं. सूज आली की घट्ट जोड सैल पडतात आणि भिंत झिरपायला लागते."

नंतर रिपोर्ट आला. त्यात आमच्या लॅबबद्दल एकच चांगलं वाक्य होतं. 'रोगग्रस्त अवस्थेतील मॉडेलही उपलब्ध आहे.'

शकीलभाऊ मात्र आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. "सिलाई में खोट नाई," म्हणायचे. "मेंदूत सुई लागत नाई हे आधी सांगायचं होतं."

ते मॉडेल देवाजीभाऊ अभ्यासाला घरी घेऊन गेले. चार दिवसांनी वापस आणलं तेव्हा पडेल चेहऱ्यानं माझ्यासमोर उभे राहिले.

"मॅडम, एक ॲस्ट्रोसाइट बकरीनं खाल्ला."

* * *

फेब्रुवारीत प्रिन्सिपल मॅडमना सर्दी झाली. शिंका अशा की बाजूच्या वर्गात हजेरी थांबायची. त्या दिवशी पालकसभा होती. देवाजीभाऊ रोज सकाळी काउंटर सांभाळून मग कॉलेजात येतात, म्हणून मॅडमनी त्यांना थांबवून विचारलं, "भाऊ, सर्दीवर कोणती गोळी बरी?"

भाऊंनी विचार न करता विचारलं, "मॅडम, भाषण द्याचं आहे का ऐकाचं आहे?"

"म्हणजे?"

"द्याचं असंल तर नवीवाली घ्या. ऐकाचं असंल तर जुनी चालते. जुनीनं मस्त झोप येते."

मी बाजूलाच होते. खुर्चीतून उठलेच. "भाऊ, हाच बॅरियर! जुनी गोळी ती भिंत सहज पार करते, मेंदूत जाते, म्हणून झोप येते. नवी फारशी जात नाही. थोडी गेली तर भिंतीतल्या पेशींत पंप असतात, ते तिला उचलून वापस रक्तात टाकतात. म्हणून नाक वाहायचं थांबतं आणि डोकं जागं राहतं."

भाऊ म्हणाले, "म्हणजे जुनी गोळी आत शिरते अन् नवीले भिंत दारातून हाकलून लावते."

"अगदी बरोबर."

"हे तर मी वीस वर्षांपासून गिऱ्हाइकाले सांगून राह्यलो."

"हेच तर म्हणते मी."

भाऊ जायला निघाले आणि दारातून वळले. मग म्हणाले, "मग मी दोनदा नापास काऊन झालो?"

प्रिन्सिपल मॅडम शिंकल्या, म्हणून मी वाचले.

* * *

एक दिवस भाऊ लेक्चर संपल्यावर थांबले. वडिलांचे हात थरथरतात, चंद्रपूरच्या डॉक्टरांनी कंपवाताची गोळी दिली आहे, तीन वेळा घ्यायची. "सकाळची लागू पडते मॅडम, दुपारची नाई. गोळी तर एकच आहे. काऊन असं?"

मी त्यांना फळ्यावर काढून दाखवलं. या आजारात मेंदूत डोपामिन कमी पडतं. पण डोपामिन नुसतं दिलं तर ते भिंत पार करू शकत नाही, बाहेरच राहतं. म्हणून त्याचा कच्चा माल देतात, लेव्होडोपा. त्याला भिंतीत एक दार मिळतं, अमिनो ॲसिडसाठी असलेलं. आपण डाळ, अंडं, मासळी खातो, त्यातली अमिनो ॲसिडंही त्याच दारातून मेंदूत जातात.

भाऊंनी विचारलं, "दार एकच?"

"एकच समजा."

"बाबा दुपारची गोळी वरणभातासोबत घेते. वाटीभर वरण लागते त्यायले."

मी खडू खाली ठेवला. दुपारी वरणच दार अडवून बसत होतं. मी म्हटलं, आपण काही बदलायचं नाही, डॉक्टरांना विचारा. त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, गोळी जेवणाच्या बऱ्याच आधी घ्या, आणि डाळ-मासळी शक्यतो संध्याकाळच्या जेवणात.

पंधरा दिवसांनी म्हातारबाबा स्वतः एसटीनं कॉलेजात आले. स्टाफरूममध्ये बसले. मी चहा मागवला. त्यांनी तो बशीत ओतला आणि दोन्ही हातांनी बशी तोंडाला लावली. बशी हलली, पण चहा सांडला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं काऊन बोलू? वीस वर्षं हा टॉपिक मी शिकवते आहे, पण तो असा बशीतून चहा पिताना कधी पाहिला नव्हता.

चहा झाल्यावर बाबांनी पिशवीतून पाच किलो तूरडाळ काढून माझ्या टेबलावर ठेवली. घरच्या शेतातली.

"बाबा, हे कशाला?"

"ठेवा बाई. आमच्या घरी हिचं अन् गोळीचं पटत नाई."

मी समजावलं, डाळ बंद करायची नाही, फक्त वेळ पाळायची. म्हातारबाबा उठत म्हणाले, "एका दारात दोन भांडखोर काऊन ठेवाचे? तुमच्या घरी नांदू द्या."

जाताना दारात थांबून हळूच विचारलं, "पोरगा पास होईल ना, बाई?"

मी म्हटलं, होईल. बोलून तर बसले. त्या दिवसापासून माझीच झोप उडाली.

* * *

व्हायव्हाच्या दिवशी चंद्रपूरचं ऊन कसं होतं ते सांगत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. लॅबमध्ये कूलर लावला होता, तो गार हवेपेक्षा आवाजच जास्त देत होता. इंटर्नल परीक्षक म्हणून मी सरांच्या शेजारी बसले होते, आणि इंटर्नलनं व्हायव्हात तोंड उघडायचं नसतं. शकीलभाऊ उगाच दारापाशी टेस्ट ट्यूब पुसत उभे होते. त्याच त्या ट्यूब त्यांनी चारदा पुसल्या.

सर सकाळी आल्या आल्या शकीलभाऊंच्या कानात काहीतरी बोलले होते. शकीलभाऊ बाहेर गेले आणि प्लास्टिकच्या पन्नीची एक छोटी पुडी घेऊन आले. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून करतात तो. आमच्याकडे तो कोण खातो असं विचारत नाहीत, कोण खात नाही असं विचारतात. पण सर खातात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सरांनी पुडी डाव्या गालात रिकामी केली आणि हनुवटी वर करून म्हणाले, "पाठवा."

देवाजीभाऊंचा नंबर सगळ्यात शेवटी होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. बसायला सांगितलं तरी आधी उभेच राहिले.

"बसा. बॅरियरच्या पेशी सांगा."

भाऊ गप्प. नजर टेबलावर.

"बरं, त्याचं काम सांगा."

कूलर घरघरत होता. भाऊंच्या कानशिलावरून घाम ओघळला. मी टेबलाखाली ओढणीचं टोक पिळत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो भाऊ, सर्दीची गोळी सांगा, डाळ सांगा, बकरी सांगा, काहीही सांगा.

सरांनी पेन उचललं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांच्याही चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं दिसत होतं. म्हणाले, "हे बघा, तुम्ही तिसऱ्यांदा आलात. शेवटचा प्रश्न. ही भिंत सहज पार करून मेंदूत जाणारा एक पदार्थ सांगा. एकच. नाहीतर मला काही करता येणार नाही."

भाऊंनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांनी सरांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. गिऱ्हाइकाकडे बघतात तसं, याला काय झालंय हे ओळखायला. बघता बघता त्यांची नजर एका जागी थांबली.

"सर, आता तुमच्या डाव्या गालात आहे तो."

दारापाशी एक टेस्ट ट्यूब फुटली.

सरांचं तोंड बोलता येण्यासारखं नव्हतं. आणि भाऊ एकदा सुरू झाले ते थांबेनात. "तंबाखूतलं निकोटिन, सर. एंडोथेलियल पेशींचे जोड घट्ट असते, फट नसते, पण त्याले फट लागतच नाई. चरबीत विरघळते, म्हणून पेशीतूनच आरपार जाते. बाहेरून पेरिसाइट धरून असते, ॲस्ट्रोसाइट पाय टेकवून असते, पण याले कोणीच रोकत नाई. साखरेले सुद्धा खास वाहक लागते, मेंदू तिच्यावर जगते तरी. याले वाहक नाई, परवानगी नाई. गालातून रक्तात जायले वेळ लागते. मेंदूच्या दारात नाई लागत. म्हणून तर तुम्ही मघापासून शांत बसून आहे अन् मी घाबरून राह्यलो."

सर उठले आणि बाहेर गेले. व्हरांड्यातला नळ बराच वेळ वाहत होता. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शकीलभाऊ काचा गोळा करत होते आणि त्यांचे खांदे हसण्यानं गदगदत होते.

सर परत आले तेव्हा दोन्ही गाल सारखे होते आणि मिशांवर पाणी होतं. खुर्चीत बसले. मार्कांचा कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं, पण लिहिलं काहीच नाही. दाराकडे एकदा पाहून घेतलं, टेबलावर वाकले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "हे सोडायला काही मिळतं का हो?"

"भेटते ना, सर," देवाजीभाऊ म्हणाले. "फक्त त्यासाठी मले आधी दुकान लागंल, अन् दुकानासाठी तुमची सही."